अर्ली आणि रेग्युलर प्रवेशअर्ज

अमेरिकेतील चुरशीच्या महाविद्यालयांत पदवीच्या पहिल्या वर्षासाठी अर्ज स्वीकारण्याच्या दोन फेऱ्या. अर्ली फेरीची मुदत बहुधा १ किंवा १५ नोव्हेंबरला संपते आणि निकाल साधारण डिसेंबरच्या मध्यास लागतो. रेग्युलर फेरीचे अर्ज बहुतेक ठिकाणी जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत घेतात, निकाल मार्चअखेरीस येतो आणि प्रवेश घेणार की नाही हे विद्यार्थ्याने १ मेपर्यंत कळवायचे असते.

अर्ली फेरीचे प्रकार बंधनावरून ठरतात. ‘अर्ली डिसिजन’ बंधनकारक असते. ते एकाच महाविद्यालयाला करता येते. करारावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा समुपदेशक अशा तिघांच्या सह्या लागतात आणि प्रवेश मिळाल्यास बाकीचे सर्व अर्ज मागे घ्यावे लागतात. ब्राउन, कोलंबिया, कॉर्नेल, डार्टमथ व पेनसिल्व्हेनिया या विद्यापीठांत ही पद्धत आहे. ‘अर्ली अ‍ॅक्शन’मध्ये निकाल लवकर कळतो, बंधन मात्र नसते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन व स्टॅनफर्ड यांनी मधला मार्ग काढला आहे: प्रवेश घेण्याची सक्ती नाही, पण त्या फेरीत दुसऱ्या खासगी विद्यापीठाकडे लवकर अर्ज करण्यास, काही अपवाद सोडता, मनाई आहे. काही महाविद्यालये जानेवारीत बंधनकारक अर्जाची दुसरी फेरीही घेतात. कॅलिफोर्निया विद्यापीठात अर्ली फेरीच नाही.

बंधनकारक अर्जात महाविद्यालयाचा फायदा उघड आहे: निवडलेला विद्यार्थी येणार याची जवळजवळ खात्री असते. विद्यार्थ्याच्या फायद्याविषयी मात्र गैरसमज फार. अर्ली फेरीतील प्रवेशाचे प्रमाण जास्त दिसते, पण तिच्यात आधीच हेरलेले खेळाडू आणि माजी विद्यार्थ्यांची मुलेही असतात, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा धरता येत नाही. तरीही फायदा अगदीच आभासी नाही. एव्हरी, फेअरबँक्स व झेकहाउझर यांनी २००३च्या ‘द अर्ली अ‍ॅडमिशन्स गेम’ या पुस्तकात, गुणवत्ता सारखी धरली तरी लवकर अर्ज करणे हे सॅट या प्रवेशपरीक्षेच्या सुमारे १०० गुणांइतके मोलाचे ठरते, असे दाखवले.

खरी मेख पैशाची आहे. रेग्युलर फेरीत अनेक महाविद्यालयांचे आर्थिक साहाय्याचे देकार शेजारी ठेवून पाहता येतात, बंधनकारक अर्जात ती सोय राहत नाही. मिळालेले साहाय्य अपुरे पडल्यास करारातून सुटका मागता येते, पण घासाघीस करायला हातात दुसरा देकार नसतो. सधन घरांना ही पद्धत झुकते माप देते या आक्षेपावरून हार्वर्ड व प्रिन्स्टन यांनी २००६ मध्ये अर्ली फेरी बंद करण्याची घोषणा केली. २०११ मध्ये दोघांनीही ती परत सुरू केली.

भारतीय नागरिकांना अमेरिकी संघराज्य सरकारचे विद्यार्थी-साहाय्य मिळत नाही आणि बहुतेक महाविद्यालये परदेशी अर्जदाराची आर्थिक गरज प्रवेशाच्या निर्णयातच विचारात घेतात. त्यामुळे महाराष्ट्रातील ज्या कुटुंबाला शिष्यवृत्तीशिवाय खर्च झेपणार नाही, त्याने बंधनकारक अर्ज खर्चाचा अंदाज घेतल्यावाचून करू नये. वेळेची अडचणही आहे. नोव्हेंबरची मुदत दिवाळीच्या सुटीच्या आसपास येते, म्हणून शिक्षकांची शिफारसपत्रे व गुणपत्रके आधीच मागून ठेवावी लागतात. बारावीचा निकाल तर दोन्ही फेऱ्यांनंतरच लागतो; तोवर निवड आधीच्या इयत्तांचे गुण आणि शाळेने वर्तवलेले गुण यांवर होते. निबंध कच्चा असेल किंवा सॅट पुन्हा द्यायची असेल, तर रेग्युलर फेरीच बरी. पसंती पक्की, कागदपत्रे तयार आणि खर्चाची सोय झालेली असेल, तेव्हाच अर्ली डिसिजन सयुक्तिक ठरते.

अर्ली फेरीचा निकाल प्रवेश, नकार किंवा ‘डिफर’ असा लागतो. डिफर झालेला अर्ज रेग्युलर फेरीत पुन्हा पाहिला जातो आणि त्यावरचे बंधन सुटते. नकार मिळाल्यास त्याच वर्षी त्या महाविद्यालयाकडे पुन्हा अर्ज करता येत नाही.