धसका आणि हजेरी

लहानपणी मनावर बसलेल्या घावांचा विषय जालन्यात निघाला, की चर्चा ठरलेल्या मुक्कामावर येऊन थांबते. हे मानसोपचारतज्ज्ञाचं काम, तालुक्याला असा डॉक्टर नाही, मग आपण काय करणार? असं म्हणणारी माणसं निर्दय नसतात. ‘पोरं काय, विसरून जातात’ म्हणणाऱ्यांपेक्षा ती शहाणीच. पण त्यांच्या म्हणण्यात कणव जितकी आहे तितकीच अंग काढून घेण्याची सोयही आहे, म्हणून ते खोडणं भाग आहे.

या पूर्वपक्षाला आधार दिला जातो तो अमेरिकेतल्या एका अभ्यासाचा. व्हिन्सेंट फेलिट्टी आणि रॉबर्ट अँडा यांनी सॅन दिएगोत हजारो प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं आणि १९९८ साली निष्कर्ष छापले. मारझोड, घरातलं व्यसन, आईला होणारी मारहाण, घरातलं कुणी तुरुंगात जाणं असे प्रकार जितके जास्त, तितके पुढे हृदयविकार, व्यसनं आणि आत्महत्येचे प्रयत्न जास्त. आपल्याकडे यातून एवढंच घेतलं गेलं, की आजार आहे तर डॉक्टर हवा. मोजलं काय होतं, ते पाहिलंच नाही. मोजलं होतं घर. आणि घरापर्यंत पोचणारी सरकारी माणसं जिल्ह्यात गावोगाव आहेत: अंगणवाडीताई, आशाताई, गुरुजी, ग्रामसेवक, तलाठी.

मग आशाताईंनी प्रत्येक पोराच्या घरातले असे प्रकार मोजून त्याचे ‘गुण’ भरावेत, असाही एक उत्साही उपाय सुचवला जातो. तोही नको. हा आकडा एकेका माणसाचं भविष्य सांगायला वापरू नका, असं खुद्द अँडा यांनीच २०२० मध्ये सहकाऱ्यांसह लिहून बजावलं. (शिवाय आशाताईंच्या पिशवीत रजिस्टरं आधीच कमी नाहीत.)

मुलं सावरतात कशानं, याचा शोध एमी वर्नर यांनी हवाई बेटांतल्या काउआईवर घेतला. १९५५ साली तिथे जन्मलेल्या मुलांचा माग त्यांनी प्रौढ वयापर्यंत काढला. गरिबी, कलह, आईबापांचं आजारपण अशा अनेक अडचणी एकत्र वाट्याला आलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं धडधाकट, कर्ती निघाली. त्यांच्या आयुष्यात वारंवार दिसलं ते एखादं न हलणारं मोठं माणूस: आजी, शिक्षक, शेजारी.

आता जालन्यातल्या मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड तालुक्यांकडे या. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेतलेली ऊसतोड जोडपी, म्हणजे कोयते, साखर कारखान्यांकडे निघतात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. पोर सोबत गेलं तर फडावरची खोपी, मागे राहिलं तर आजी. पोरानं धसका घेतला, असं आजी म्हणते. तिला तज्ज्ञांची भाषा येत नाही, पण निदान चुकलेलं नसतं.

या धसक्यावरची सेवा अस्तित्वात आहे. तिचं नाव हंगामी वसतिगृह. नाव ऐकून खाटा आणि पंखे डोळ्यांसमोर आणू नका. बऱ्याच गावांत ते म्हणजे शाळेच्या व्हरांड्यात सकाळ-संध्याकाळ बसणारी पंगत. पोर जेवतं, अभ्यासाला टेकतं आणि झोपायला आजीकडे जातं. तिसरीतली एखादी पोर अर्धी भाकरी फ्रॉकच्या घोळात लपवते, आजीसाठी. वाढणाऱ्या बाई ते बघतात आणि न बघितल्यासारखं करून आणखी एक वाढतात. गुरुजींच्या मोबाइलवर पश्चिम महाराष्ट्रातून किंवा कर्नाटकातून फोन येतो आणि पोर दोन मिनिटं नुसतंच ‘हूं, हूं’ करतं. या पंगतीला कुणी मानसिक आरोग्य सेवा म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच, की हीच ती आहे.

अडचण डॉक्टरची नाही, तारखेची आहे. कोयता निघून गेल्यावर मंजुरी आली, की पोर आधीच गाडीत बसलेलं असतं. हजेरीपत्रकावर त्याच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ लागतं आणि त्याच्याकडे रोज बघणारं, न हलणारं माणूस सुटतं. मोठ्या मुलीचं तर पुढचंही ठरतं. मागे एकटी कशी ठेवायची, या काळजीनं लग्न. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत जिल्ह्यातल्या विशीच्या पहिल्या टप्प्यातल्या स्त्रियांपैकी सुमारे एक तृतीयांश अठराच्या आत लग्न झालेल्या निघाल्या. राज्याचं प्रमाण सुमारे २२ टक्के होतं. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. ते मांडवात पोचतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. त्यांना खरी बातमी नोव्हेंबरच्या हजेरीतच मिळू शकते.

पोर नजरेतून सुटण्याची दुसरी जागा तहसीलची. शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर फाईल पात्र की अपात्र हे कर्ज, थकबाकी आणि वसुलीचा तगादा यांवर ठरतं. पात्र ठरली तर एक लाख, त्यातले सत्तर हजार ठेवीत. या निकषांत पोराचा प्रश्नच येत नाही. बाप गेलेल्या पोरासाठी बालसंगोपन योजना आहे, २०२३ पासून महिन्याला २,२५० रुपये. पण तिचं खातं वेगळं, अर्ज वेगळा, आणि दाखले गोळा करत फिरायचं ते नुकत्याच विधवा झालेल्या बाईनं. पंचनाम्याला गेलेल्या तलाठ्यानं घरातल्या मुलांची नावं आणि वयं त्याच आठवड्यात महिला व बालविकास कार्यालयाला कळवायला कुठला तज्ज्ञ लागतो?

डॉक्टर नकोतच, असं मी म्हणत नाही. झोप उडालेल्या, स्वतःला इजा करणाऱ्या पोराला उपचारच हवेत. त्यासाठी जिल्हा रुग्णालय आहे, टेलिमानसचा १४४१६ आहे, छळ होत असेल तर १०९८ आहे. पण अशा पोराला तिथवर नेणारंही त्याला रोज बघणारं माणूसच असतं.

म्हणून जिल्हा परिषदेकडे मागणी एकच आहे. डॉक्टरांच्या रिक्त पदांचा पाठपुरावा खुशाल चालू द्या, पण यंदा हंगामी वसतिगृहाच्या मंजुरीचा कागद दसऱ्याच्या आत शाळेत पोचू द्या. गाड्या त्यानंतर भरतात.