बारीक अक्षरांची पुण्याई

कवितासंग्रह काढताना जाड कागद आणि ठळक अक्षरं हवीत, असा हट्ट मी नेहमी धरला. एका चिनी वैद्यकग्रंथाच्या कहाणीनं तो सुटला.

चांग चुंगचिंग या वैद्याचं दोनशेहून अधिक माणसांचं घराणं. इसवी सन १९६ नंतर दहा वर्षांच्या आत त्यातले दोन तृतीयांश लोक गेले, बहुतेक तापानं. त्या दुःखातून ‘शांगहान लुन’ लिहिला, असं प्रस्तावना सांगते. पुढे ग्रंथ विस्कटला. तिसऱ्या शतकात वांग शूहो या राजवैद्यानं तो पुन्हा जुळवला. मग शतकानुशतकं नकला होत राहिल्या.

१०५७ साली सुंग दरबारानं वैद्यकग्रंथ शुद्ध करणारं कार्यालय उघडलं. १०६५ मध्ये ग्रंथ लाकडी ठशांवरून छापला गेला. पण कागद-शाई महाग. सामान्यांना तो परवडेना. म्हणून १०८८ मध्ये बारीक अक्षरांत छापण्याचा हुकूम निघाला.

सुंग काळातल्या त्या छापील प्रती आज उरलेल्या नाहीत. १५९९ मध्ये चाओ काइमेई या ग्रंथसंग्राहकानं बारीक अक्षरांच्या आवृत्तीवरून तो पुन्हा छापला, म्हणून तो पाठ आपल्यापर्यंत आला.

श्रोतेहो, ग्रंथ तरतो तो परवडला तर. माझा पुढचा संग्रह बारीक अक्षरांत निघेल.