सीआरपी निगेटिव्ह, तास सहावा

हे बाळ कल्पनेतलं. त्याच्या रक्तातलं घड्याळ खरं. जिल्हा रुग्णालय, वजन १८०० ग्रॅम, जन्माला जेमतेम दिवस झालेला. पाणमोट फुटून २० तासांनी बाळंतपण झालं, एवढी नोंद केसपेपरवर आहे.

तास ०. जंतू रक्तात शिरतात. बाळ गुलाबी, गाढ झोपेत.

तास २. इंटरल्यूकिन-६ चढू लागतं. सगळ्यात आधीची वर्दी हीच, पण ती लवकर ओसरते. शिवाय इथल्या लॅबमध्ये ही तपासणी होतच नाही.

तास ४. प्रोकॅल्सिटोनिनही वाढतंय. मात्र पहिल्या दिवशी ते निरोगी बाळातही वाढतं. बाळाचं वय तासांत मोजल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

तास ५. "सिस्टर, बाळ ओढत नाहीये हो."
"झोपेत असेल. तासाभरानं लावून बघा."
गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने आरोग्यदूत महिलांना आईचं नेमकं हेच वाक्य कान देऊन ऐकायला शिकवलं. रक्त न तपासता, लक्षणांवरून त्या घरीच जेंटामायसिन देत. 'लॅन्सेट'ने १९९९ मध्ये ते छापलं.

तास ६. आईनं पुन्हा सांगितलं म्हणून रक्त घेतलं. सीआरपी ४, मर्यादा १०. "निगेटिव्ह आहे, उद्या परत करू." सीआरपी हे संसर्गात वाढणारं प्रथिन यकृतात तयार होतं, तेही इंटरल्यूकिनचा सांगावा पोचल्यावर, रक्तात दिसायला दहा-बारा तास लागू शकतात. म्हणजे रिपोर्ट चुकीचा नाही, फक्त फार लवकरचा आहे. माझ्या मते या फाइलमधला सगळ्यात घातक कागद हाच. रक्तात जंतू आहेत का ते बघणाऱ्या कल्चरला १ मिली रक्त हवं होतं. ते घेतलं नाही.

तास १२. पाय गार. श्वास मिनिटाला ६८. सीआरपीनं आता मर्यादा ओलांडली असेल, पण तपासणी 'उद्या' आहे.

तास १६. श्वास मध्येच थांबतो. धावपळ. कल्चर, सलाईन, ॲम्पिसिलिन, जेंटामायसिन.

तास १८. सीआरपी ६२. आता कुणालाच शंका नाही.

तास २२. प्लेटलेट २८ हजार. नळीतून रक्त येतंय. ॲड्रेनलिनचा डोस वाढवला.

तास २६. मृत्यू.

तास ३०. कल्चरच्या बाटलीत वाढ दिसली: ग्राम निगेटिव्ह जंतू. कोणतं औषध चाललं असतं, ते कळायला अजून एक-दोन दिवस लागतील.