प्रौढ व वृद्धांमधील दंतक्षय : पुण्यातील शनिवार पेठेच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मराठी भाषेत वार्धक्याचे वर्णन दातांच्या उल्लेखावाचून क्वचितच पूर्ण होते. 'दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण आणि 'तोंडाचे बोळके होणे' हा वाक्प्रचार यांमागे एक समान गृहीतक आहे. केस पिकावेत तसे दात पडावेत, हा वयाचा स्वाभाविक धर्म होय, असे ते गृहीतक आहे. आधुनिक दंतवैद्यक त्याला दुजोरा देत नाही. केवळ वय वाढले म्हणून निरोगी दात पडत नाही. तो बहुधा दंतक्षयामुळे किंवा हिरड्यांच्या विकारामुळे गमावला जातो. मात्र दात पडला की त्याबरोबर किडीचा पुरावाही नाहीसा होतो आणि 'वय झाले' एवढेच कारण मागे उरते. प्रौढ व वृद्धांमधील दंतक्षयाचा इतिहास यामुळे बराच काळ न मोजलेल्या दातांचा इतिहास राहिला. प्रस्तुत लेखात पुण्यातील शनिवार पेठेच्या संदर्भात या इतिहासाचा आढावा घेतला आहे.

शनिवार पेठ ही पुण्याच्या जुन्या पेठांपैकी एक होय. १७३० ते १७३२ या काळात पहिल्या बाजीरावांनी उभारलेल्या शनिवारवाड्यामुळे ती मराठी सत्तेच्या केंद्रस्थानी आली. १८२८ च्या आगीत वाडा जळाला आणि १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुराने नदीकाठच्या वस्तीची अपरिमित हानी केली. तथापि पेठेतील नागरी जीवन अखंड राहिले. राजवाड्यातील पंगत, मध्यमवर्गीय घरातील चहा आणि दीर्घायुषी वृद्ध, ही तिन्ही स्थित्यंतरे या परिसराने अनुभवली असल्याने प्रस्तुत विषयासाठी तो उपयुक्त ठरतो.

पुरातत्त्वीय पुराव्याचा धडा

दंतक्षय हा केवळ आधुनिक काळाचा रोग नाही. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचे मानवी सांगाडे मोठ्या संख्येने मिळाले. जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी त्यांचा दातांसह शारीर-मानवशास्त्रीय अभ्यास केला. धान्यप्रधान आहार स्वीकारलेल्या समाजांत दंतक्षय वाढतो, हे जगभरच्या अशा अभ्यासांतून सर्वसाधारणपणे दिसून आले आहे.

लुकाच यांनी १९९२ मध्ये हडप्पा येथील दातांविषयी मांडलेला निष्कर्ष या संदर्भात विशेष महत्त्वाचा आहे. शिल्लक असलेल्या दातांपैकी ६.८ टक्के दात किडलेले आढळले होते. परंतु किडीमुळे हयातीतच गमावलेल्या दातांचा अंदाज हिशेबात धरल्यावर हे प्रमाण १२.१ टक्क्यांवर गेले. म्हणजे जबड्यातील रिकामी जागा मोजली नाही, तर रोगाचे स्वरूप जवळजवळ निम्म्याने कमी भासते. पुरातत्त्वातील हा धडा जिवंत वृद्धांच्या बाबतीतही तितकाच लागू पडतो.

पेशवेकालीन आहार व दंतधावन

सुश्रुतसंहितेतील दंतरोगांच्या गणनेत 'कृमिदंतक' हा रोग येतो. दाताला कीड लागते ही लोकसमजूतही तितकीच दृढ असून 'दातकीड' हा शब्द तिचीच साक्ष देतो. ही कल्पना केवळ भारतीय नव्हती. युरोपातही दंतकृमीवर दीर्घकाळ विश्वास होता आणि फ्रेंच दंतवैद्य पिएर फोशार याने १७२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिच्याविषयी अविश्वास व्यक्त केला. शनिवारवाड्याची पायाभरणी झाली त्याच सुमाराची ही घटना आहे.

कडुनिंब, करंज, खैर, बाभूळ यांच्या काड्या, गोवरीची राखुंडी, मीठ आणि हिरडा-हिराकस यांसारख्या तुरट द्रव्यांचे दातवण ही दात स्वच्छ करण्याची पारंपरिक साधने होती. दैनंदिन गोडवा प्रामुख्याने गुळाचा होता. साखर महाग असल्याने तिचा सढळ वापर श्रीमंतांच्या घरी किंवा सणासुदीच्या पंक्तीतच होत असे. पंगतीत गोड पुष्कळ असले, तरी ते जेवणाबरोबर आणि प्रसंगपरत्वे खाल्ले जाई. ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

साखर आणि चहा : गोडाच्या वेळापत्रकातील बदल

एकोणिसाव्या शतकात मॉरिशसहून येणाऱ्या पांढऱ्या साखरेला मराठीत 'मोरस' हे नाव पडले. परकीय वस्तू स्वयंपाकघरात किती खोलवर पोहोचली होती, याचा हा भाषिक पुरावा होय. पुढे स्वदेशी चळवळीत परदेशी साखरेवरही बहिष्काराचा पुकारा झाला. त्यामागील कारणे आर्थिक व धार्मिक होती, आरोग्याची नव्हती. १९३२ च्या संरक्षक कायद्यानंतर देशी साखर उद्योग वाढला. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने प्रवरा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. सहकाराने ग्रामीण महाराष्ट्राला समृद्धीचा मार्ग दाखविला. त्याचबरोबर साखर सर्वसामान्यांच्या नित्य वापरात आली.

दुसरा बदल चहाचा. १८९० मध्ये पुण्यातील पंच हौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदींनी घेतलेल्या चहावरून मोठे ग्रामण्य माजले. वाद होता तो मिशनऱ्यांच्या हातच्या चहाचा. त्याच वर्षी विलोबी मिलर या संशोधकाचा तोंडातील सूक्ष्मजीवांवरील ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध झाला. पिष्टमय व गोड पदार्थांवर जिवाणूंची क्रिया होऊन आम्ल तयार होते आणि ते दाताचे कवच विरघळविते, हे त्याने दाखविले. पुण्यातील वादात चहाच्या पेल्याचा विटाळ चर्चिला गेला. त्यातील साखरेचा विचार कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते.

विसाव्या शतकात घरोघरी चहा रुजला आणि पेठांतून 'अमृततुल्य' दुकाने उभी राहिली. स्वीडनमधील व्हिपेहोम येथील प्रयोगांचे निष्कर्ष १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. मनोरुग्णालयातील असहाय रुग्णांवर केलेले हे प्रयोग नैतिकदृष्ट्या निंद्य होते. तरीही त्यांतून एक महत्त्वाची बाब स्पष्ट झाली. साखर किती खाल्ली यापेक्षा ती जेवणांच्या मधल्या वेळेत किती वेळा व किती चिकट स्वरूपात खाल्ली, यावर दंतक्षय अधिक अवलंबून असतो. या दृष्टीने पाहता पेशवेकालीन पंगतीपेक्षा दिवसातून चार-पाच वेळा होणारा गोड चहा आणि त्यासोबतचे बिस्कीट दातांना अधिक घातक ठरते.

मंजन, मिश्री आणि टूथपेस्ट

राखुंडीची जागा क्रमाने काळी मंजने, आयुर्वेदिक दंतमंजने व टूथपेस्ट यांनी घेतली. भाजलेल्या तंबाखूची मिश्री दातांना लावण्याची चाल, विशेषतः स्त्रियांमध्ये, महाराष्ट्रात दीर्घकाळ टिकली. दातदुखीवरील उपाय म्हणून सुरू झालेली मिश्री पुढे व्यसन बनत असे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संशोधकांनी पुणे जिल्ह्यातील एक लाखाहून अधिक ग्रामस्थांची मुखतपासणी करून १९७२ मध्ये तंबाखू व मुखविकार यांचा संबंध मांडला. १९९२ मध्ये केंद्र शासनाने दंतमंजन व टूथपेस्टमधील तंबाखूच्या वापरावर बंदी घातली.

तंबाखू आणि खरखरीत मंजन यांमुळे हिरड्या मागे सरकतात व दाताचे मूळ उघडे पडते. मुळावर कवचाचे संरक्षण नसल्याने ते सौम्य आम्लानेही झिजते. वृद्धांमध्ये आढळणारा 'मूळ-दंतक्षय' तो हाच. लाळ कमी करणारी औषधे, मधुमेह आणि हातांची मंदावलेली हालचाल यांमुळे तो अधिकच बळावतो.

आयुर्मान आणि मोजणी

१९४१-५० या दशकात भारतीयांचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. २०१६-२० च्या नमुना नोंदणीनुसार ते ७० वर्षांवर गेले. दातांना पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक वर्षे सेवा द्यावी लागते, असा त्याचा अर्थ होतो. भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ३५ ते ४४ वयोगटात सुमारे ८० टक्के, तर ६५ ते ७४ वयोगटात सुमारे ८५ टक्के व्यक्तींमध्ये दंतक्षय आढळला. या मोजणीचा निर्देशांक १९३० च्या दशकात अमेरिकेत रूढ झाला. त्यात किडलेल्या व भरलेल्या दातांबरोबरच गमावलेले दातही मोजले जातात. रिकाम्या जागेला प्रथमच नोंदीत स्थान मिळाले, हे त्याचे महत्त्व होय. मात्र हिरड्यांच्या विकाराने पडलेला दातही त्यात मिसळू शकतो, ही त्याची मर्यादा ध्यानात ठेवावी लागते.

पाश्चात्त्य देशांचा अनुभव येथे बोधप्रद आहे. इंग्लंड व वेल्समध्ये १९६८ मध्ये ३७ टक्के प्रौढ पूर्णतः दंतहीन होते. २००९ मध्ये इंग्लंड, वेल्स व उत्तर आयर्लंड मिळून हे प्रमाण ६ टक्के झाले. फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट, दात काढण्याऐवजी ते टिकविण्याकडे वळलेले उपचार आणि नियमित तपासणी यांचे हे फलित होय. तथापि टिकलेल्या दातांबरोबर उतारवयातील दंतक्षयाचा प्रश्नही उरला. दात वाचविणे म्हणजे त्यांची अखेरपर्यंत निगा राखण्याची जबाबदारी स्वीकारणे होय.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून प्रौढ व वृद्धांमधील दंतक्षय हा वयाचा नव्हे, तर आहाराच्या वेळापत्रकाचा, दात घासण्याच्या साधनांचा आणि वाढलेल्या आयुर्मानाचा परिणाम असल्याचे स्पष्ट होते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठ वर्षांवरील लोकसंख्येचे प्रमाण सुमारे १० टक्के, म्हणजे राष्ट्रीय सरासरीहून अधिक होते. शासनाने २०१४-१५ मध्ये राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम सुरू केला. परंतु दंतआरोग्याच्या शिबिरांचा रोख बहुधा शालेय मुलांकडे असतो. शनिवार पेठेसारख्या जुन्या वस्तीत वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत एकटे राहणाऱ्या वृद्धाला चावता न येणे, म्हणजे भाकरी, शेंगदाणे व कोशिंबीर यांना मुकणे आणि चहात बुडविलेल्या बिस्किटावर विसंबणे होय. म्हणजे दात गेल्याने जो आहार वाट्याला येतो, तोच उरलेल्या दातांचा घात करतो. या दुष्टचक्रास 'वय झाले' असे म्हणणे हे निदान नव्हे. महाविद्यालयांच्या समाजशास्त्र, गृहविज्ञान व इतिहास विभागांनी आपल्या परिसरातील वृद्धांच्या आहारस्मृती व दंतस्थिती यांची संयुक्त नोंद केल्यास, आजवर मोजणीतून निसटलेला हा इतिहास काही अंशी तरी हाती येऊ शकेल.