सकाळी फावडं, दुपारी शेक्सपिअर

चपला इथंच काढून ठेवा. तुम्ही निघालाय त्या काळात खेड्यातल्या पोरांच्या पायात सहसा काही नसतं आणि ज्यांच्याकडे चाललाय ते कर्मवीर भाऊराव पाटील, म्हणजे अण्णाही, अनवाणीच फिरतात. मोबाइल, पाकीट, एटीएम कार्ड सगळं घरी राहू द्या. बरोबर एक वळकटी, एक पत्र्याची ट्रंक आणि आईनं बांधून दिलेलं जोंधळ्याचं पीठ, एवढं पुरे. दप्तर नसलं तरी चालेल.

उतरा. 1947 चा जून आहे, गाव सातारा. सर्व्हिस मोटारीच्या टपावरून क्लीनर तुमची ट्रंक खाली सोडतो आणि ती धप्पकन चिखलात रुतते. समोर अजिंक्यताऱ्याचा माथा ढगात गडप झालाय. तुमच्या अवतीभवती पोरंच पोरं, डोक्यावर घोंगडीच्या खोळा. ओल्या लोकरीचा उग्र वास नाकात शिरतो; पहिले दोन दिवस तो छळेल, मग कळणारही नाही. माणदेशातून आलेला एक पोरगा पावसाकडे तोंड वर करून नुसता उभा आहे. सलग इतका पाऊस त्यानं जन्मात पाहिलेला नाही.

छत्रपती शिवाजी कॉलेज याच महिन्यात सुरू झालंय. रयत शिक्षण संस्थेचं हे पहिलं कॉलेज. सांगतात की, एका धनिकानं भलीमोठी देणगी देऊ केली होती, फक्त कॉलेजचं नाव बदला म्हणाला. संस्थेचे संस्थापक असलेल्या अण्णांनी ती देणगी नाकारली.

टेबलाशी तुमचा नंबर येतो. नाव, गाव, मॅट्रिकचे मार्क विचारून होतात. फीचं नाव निघताच तुमची मान खाली जाते. तेवढ्यात पुढचा प्रश्न येतो: ‘काम कुठलं कराल?’ खिशात पैसे नसलेल्या मुलाला या कॉलेजात एक वाट मोकळी आहे. अंगमेहनत करायची, त्या बदल्यात शिकायचं, राहायचं, जेवायचं. ‘कमवा आणि शिका’ म्हणतात ती हीच.

रात्री सारवलेल्या जमिनीवर वळकटी पसरा. कंदिलाची काच काजळलीय, रॉकेलचा वास घशात बसतो. शेजारचा झोपेत इंग्रजी स्पेलिंगं पुटपुटतोय. डोळा लागतो न लागतो तोच घंटा होते. उठा. बाहेर अजून काळोख आहे आणि हातात फावडं आलंय.

शेतकऱ्याचं पोर असाल तर निम्मी लढाई जिंकलात. नसाल, तर पहिल्या घटकेतच तळव्याला फोड येईल, दुसऱ्या घटकेत तो फुटेल आणि फावड्याचा दांडा मिठासारखा झोंबेल. कुणी माती ओढतंय, कुणी घमेली उचलतंय, कुणी खडी फोडतंय. दगडाच्या कपच्या उडतात, डोळे बारीक करा. पाऊस थांबला की ऊन असं तापतं, की पाठीवरच्या ओल्या सदऱ्यातून वाफ निघते. पलीकडच्या टोळीत कुणीतरी ओवी उचलतो आणि सगळ्यांचे हात त्या ठेक्यात पडायला लागतात. कंटाळा आला म्हणून कुणी टेकलं, तर ओरडायला मुकादम लागत नाही. शेजारचाच हसून म्हणतो, ‘का रं, आजची भाकरी फुकटची का?’

मग गार पाण्याच्या दोन तांब्यांत अंघोळ उरका आणि वर्गात पळा. बाकावर बसाल तेव्हा नखांत माती असेल. प्राध्यापक शेक्सपिअर वाचताहेत. अर्धं कळत नाही, पण तुमच्या घराण्यात हे शब्द ऐकणारे तुम्ही पहिलेच आहात. पेन्सिल धरताना फोड दुखतो, तरी लिहा. त्या बाकावर बसण्याचा तुमचा हक्क सकाळीच वसूल झालाय. मला या कॉलेजची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही: इथं गरीब मुलाला कुणाचं मिंधं व्हावं लागत नाही.

भूक लागली ना? स्वयंपाकघराकडे वळा, पण त्याआधी आणखी वीस वर्षं मागं चला, साताऱ्यातल्याच धनिणीच्या बागेतल्या अण्णांच्या वसतिगृहात. धुरानं डोळे चुरचुरतील. भलंमोठं चुलाण, त्यावर रटरटणारी आमटी, काटवटीत पीठ मळणारी मिसरूडही न फुटलेली पोरं. आज पाळी यांची, उद्या तुमची. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, ज्याचा हात लागेल त्याची भाकरी सगळ्यांच्या ताटात. बाहेरच्या गावात विहिरी वेगळ्या आहेत, पंगती वेगळ्या आहेत. इथं मात्र एकाच पंगतीत तुमच्या मांडीला मांडी लागते. पहिला घास तोंडाशी थबकला तर लाजू नका, अनेकांचा थबकला असेल. मग भूक जिंकते. 1927 साली महात्मा गांधी याच वसतिगृहात आले आणि त्याला राजर्षी शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं.

ती पाहा, दाराशी उभी असलेली बाई. त्या लक्ष्मीबाई, अण्णांच्या पत्नी, सगळ्या पोरांच्या वहिनी. कुणाला ताप आहे, कोण उपाशी झोपलाय, त्यांना न सांगता कळतं. घरातलं धान्य संपलं तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने दिले आणि एकदा पोरांच्या पोटासाठी मंगळसूत्रही काढून दिलं. 1930 साली त्या गेल्या. कॉलेज त्यांनी पाहिलं नाही. संस्थेचा इतिहास लिहिताना अण्णांचं नाव पहिल्या ओळीत येतं. वहिनींचंही तिथंच यायला हवं.

आता वेग धरा. 1954 साली कऱ्हाडला गाडगे महाराजांच्या नावाचं कॉलेज उघडतं. 1959 च्या मे महिन्यात अण्णा जातात, पण शाळा-कॉलेजं वाढतच राहतात. 1919 साली कऱ्हाडजवळच्या काले गावात सुरू झालेल्या संस्थेच्या आज सातशेहून जास्त शाखा आहेत. छत्रपती शिवाजी कॉलेज आता साताऱ्याच्या कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठाचा भाग आहे.

परत आलात? हाताचे फोड बरे होतील. फक्त एवढं करा: ओळखीतलं एखादं पोर किंवा पोरगी फीपायी कॉलेज सोडायच्या बेतात असेल, तर ‘कमवा आणि शिका’ योजना महाराष्ट्रातल्या अनेक विद्यापीठांत आणि कॉलेजांत आजही चालते, हे त्यांच्या कानावर घाला. आणि अर्ज भरायला त्यांच्याबरोबर स्वतः जा.