हिरवा कागद आणि मुलांची खोली

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली, की आमच्या घरी पिंपात चुनकळी भिजत पडे. चिमूटभर नीळ घालून तो चुना भिंतींवर चढला, की वर्षभरात आम्ही भावंडांनी कोळशाने काढलेले हत्ती-घोडे, गोट्यांचे हिशेब आणि एकमेकांना दिलेल्या शिव्या, सारे एका दुपारीत नाहीसे होई. मुलांसाठी म्हणून भिंत सजवावी, ही कल्पनाच कुणाच्या डोक्यात नव्हती. देवांच्या तसबिरी आणि एखादे कॅलेंडर, एवढीच काय ती शोभा. शिवाय आपला पावसाळा! चार महिने ओल धरणाऱ्या भिंतीवर खळीने चिकटवलेला कागद टिकणार किती?

परवा नातवाच्या नव्या खोलीत गेलो, तर एक अख्खी भिंत कागदाने मढवलेली. त्यावर जिराफ, फुगे आणि ढगांत बसलेला एक ससा. नातू म्हणाला, “आजोबा, हे खास माझ्यासाठी आहे.” त्याच्या त्या ‘खास’ शब्दाने मला विलायतेतल्या मुलांच्या खोल्यांचा जुना इतिहास आठवला. तो जितका गोजिरवाणा आहे, तितकाच अंगावर काटा आणणारा आहे.

इंग्लंडात भिंतीचा कागद ही एके काळी श्रीमंतांची चैन होती. १७१२ साली सरकारने छापील कागदावर कर बसवला, तो १८३६ मध्ये उठला. त्याच सुमारास हाताने ठसे मारण्याऐवजी वाफेच्या यंत्रावर, फिरत्या रुळांनी कागद छापण्याची युक्ती साधली. मग काय विचारता! कारकुनाच्या घरी, गिरणीकामगाराच्या खोलीतही फुलापानांच्या वेली भिंतींवर चढल्या. आणि फुलापानांना लागतो तो हिरवा रंग.

खरी गोम या हिरव्या रंगातच होती. स्वीडनचा रसायनशास्त्रज्ञ कार्ल शेले याने १७७५ साली तांबे आणि सोमल यांच्या संयोगाने एक टवटवीत हिरवा रंग तयार केला. पुढे १८१४ मध्ये जर्मनीत श्वाइनफुर्ट गावी त्याच कुळातला आणखी तेजस्वी रंग निघाला. स्वस्त, दिव्याच्या उजेडातही खुलणारा; त्यामुळे कागद, कापड, खेळणी, मेणबत्त्या, जिथे-तिथे हा हिरवा. सोमल विष आहे हे कुणाला ठाऊक नव्हते? उंदीर मारायला घरोघर तोच वापरीत. पण भिंतीवरचे फूल कोण खातो, असा लोकांचा समज.

१८६२ साली लंडनच्या लाइमहाउस या गरीब वस्तीत एका कुटुंबातली चार मुले थोड्याच आठवड्यांत एकामागून एक दगावली. घसा दुखणे, गिळता न येणे, अशी लक्षणे. तेव्हा वैद्यांनी घटसर्प ठरवला. पण शेजारपाजारच्या कुणाला त्याची लागण होईना. शेवटच्या मुलीवर उपचार करणारे डॉक्टर ऑर्टन यांना संशय आला. त्यांनी पाणी पाहिले, गटारे पाहिली, सारे ठीक. मग नजर गेली ती मुलांच्या खोलीतल्या हिरव्या कागदावर. रसायनतज्ज्ञ हेन्री लेदबी यांनी तो तपासला, तेव्हा चौरस फुटामागे ३ ग्रेन सोमल निघाला. म्हणजे आपल्या मापाने दीड गुंजेहून थोडा अधिक. मुलीच्या शरीरातही सोमल सापडला. इतके होऊनही चौकशीला बसलेल्या पंचांनी निकाल काय द्यावा? मृत्यू नैसर्गिक कारणाने झाला!

त्या आईबापांचे काय झाले असेल, हे मनात आल्यावाचून राहत नाही. पोराची खोली जरा प्रसन्न दिसावी म्हणून कुणी तरी तो कागद निवडला असेल, शिडीवर चढून चिकटवला असेल. थंडीत खिडक्या घट्ट लावून मुलांना उबेत निजवले असेल. ती माया होती, आणि तिनेच घात केला.

कारखानदारांनी अर्थातच कानांवर हात ठेवले. ज्याच्या वेलबुट्टीचे आजही जगभर कौतुक होते, तो विल्यम मॉरिससुद्धा यातून सुटत नाही. सोमलाचा मोठा पुरवठा करणाऱ्या डेव्हन ग्रेट कन्सोल्स या खाणीत त्याच्या घराण्याची भागीदारी होती आणि १८७१ ते १८७५ या काळात तो स्वतः तिचा एक संचालक होता. १८८५ च्या एका पत्रात त्याने सोमलाची भीती म्हणजे निव्वळ खूळ आहे, डॉक्टरांना भुताटकीचा झटका आला आहे, असा सूर लावला. २००३ साली त्याच्या ‘ट्रेलिस’ या जुन्या कागदाचा नमुना प्रयोगशाळेत तपासला गेला. हिरव्या पानांत सोमल होताच. कलावंताला आपल्या हाताखालचा रंग ओळखू येऊ नये, याचे मला फार नवल वाटते.

मॉरिसचे कागद ज्या जेफ्री कंपनीत छापले जात, तिचाच चालक मेटफर्ड वॉर्नर याने मात्र निराळी वाट धरली. सोमलाचे रंग बंद करून त्याने मुलांसाठी खास कागद काढायचे ठरवले आणि चित्रकार निवडला वॉल्टर क्रेन. क्रेनची सहा-सहा पेन्सांची चित्रमय पुस्तके तेव्हा घरोघर होती. कुणी तरी त्या पुस्तकांतली चित्रे त्याला न विचारता उचलून, कशीही जोडून भिंतीच्या कागदावर छापलीही होती. क्रेनला वाटले, करायचेच तर नीट करू. १८७५ साली त्याचा ‘क्वीन ऑफ हार्ट्स’ हा कागद निघाला. १८७९ मध्ये ‘स्लीपिंग ब्यूटी’ आला: काटेरी गुलाबांच्या जाळीत राजकन्या झोपलेली, दास-दासी झोपलेल्या. मुलांना निजवायच्या खोलीत याहून शहाणे चित्र कोणते? हा कागद कोरलेल्या रुळांवर, न उडणाऱ्या रंगांत छापलेला असल्यामुळे ओल्या स्पंजाने पुसता येई. १८८६ मध्ये ‘जॅकने बांधलेले घर’ आले. पुढे १८९३ साली केट ग्रीनअवेची बारा महिन्यांची चित्रेही भिंतीवर आली.

जाता जाता सांगतो, हाच क्रेन १९०६-०७ च्या हिवाळ्यात हिंदुस्थानात हिंडून गेला आणि त्याने त्या प्रवासावर पुस्तकही लिहिले.

क्रेनच्या कागदाचे मोल चित्रांत होते तितकेच ‘धुता येतो, विषारी नाही’ या हमीत होते. कायद्याने सोमलाच्या कागदावर ब्रिटनमध्ये कधीच बंदी घातली नाही. गिऱ्हाइके विचारू लागली, आणि दुकानदारांना उत्तर द्यावे लागले. विष हवेत येते तरी कसे, याचा शोध पुढे इटालियन डॉक्टर बार्तोलोमेओ गोसिओ याने १८९० च्या सुमारास घेतला. ओल्या, खळीने माखलेल्या कागदावर बुरशी धरते आणि ती सोमलापासून लसणासारख्या वासाचा वायू तयार करते, असे त्याने दाखवले. अलीकडच्या संशोधकांना मात्र शंका आहे, की त्या वायूने इतके बळी घेतले नसावेत. कागदावरून झडणारी पूड नाका-तोंडात जाणे हेच अधिक घातक असावे. तसे असेल, तर भिंतीशेजारी लोळणारी, बोटे तोंडात घालणारी मुलेच पहिली सापडणार.

येथे गोष्ट संपली असती, तर बरे झाले असते. पण १९४७ साली अमेरिकेत ट्रिम्झ नावाच्या कंपनीने मुलांच्या खोलीसाठी एक नवा कागद विकायला आणला. त्यावर डिस्नेची लाडकी पात्रे होती आणि कागदात मुरवले होते डी.डी.टी. माशा-डास भिंतीवर बसले की मेलेच, आणि हा गुण वर्षभर टिकण्याची हमी! जाहिरातीचा रोख सरळ आईच्या काळजीवर होता: रोगराई आणणाऱ्या किड्यांपासून बाळाला वाचवा. कपट कुणाचेच नव्हते. युद्धात त्याच औषधाने हिवताप आणि टायफसपासून असंख्य माणसे वाचवली होती, मग संशय कोण घेणार? रेचल कार्सनचे ‘सायलेंट स्प्रिंग’ निघाले १९६२ मध्ये, आणि अमेरिकेने डी.डी.टी.वर बंदी घातली १९७२ साली. तोपर्यंत मिकी माऊसखाली निजलेली बाळे मोठी होऊन स्वतः आईबाप झाली होती.

विलायतेत जुन्या कागदावर नवा कागद चढवण्याची रीत होती. त्यामुळे तिथल्या जुन्या घरांची डागडुजी करणाऱ्यांना आजही भिंत खरवडताना थरावर थर लागतात, आणि शेवटी कधी कधी तो हिरवा. तेव्हा जाणती माणसे हात थांबवतात आणि आधी तुकडा तपासायला पाठवतात.

नातवाच्या खोलीतला कागद मी हाताने चाचपून पाहिला, नखाने कोपरा जरासा उचलला आणि वास घेतला. सूनबाई दारातून पाहत होती. “बाबा, नवाच आहे तो,” ती हसत म्हणाली. “खोक्यावर काय लिहिले आहे ते जरा आण बघू,” मी म्हटले. ती खोके शोधायला गेली.