१०८ सेकंदांचा ‘रोज’ : वेगवान सेडान, कसबा पेठ आणि एका व्याख्येचा इतिहास

पीएचडीच्या मुलाखतीत विषय सांगून झाला की समितीतलं कुणीतरी हमखास विचारतं, “ते ठीक आहे, पण नक्की मोजणार काय?” या प्रश्नाला भल्याभल्यांची बोबडी वळते. म्हणून आज मुद्दाम एक हलका वाटणारा विषय घेतोय. जोरदार इंजिनाची स्पोर्ट्स सेडान रोजच्या वापराला चालते का? कसबा पेठेत कुठल्याही अमृततुल्यासमोर हा वाद अर्धा तास रंगू शकतो. एक म्हणतो, “चालते की, डिकी मोठी आहे, चार दारं आहेत.” दुसरा म्हणतो, “फडके हौदापर्यंत नेऊन दाखव, मग बोल.” दोघंही बरोबर असू शकतात, कारण दोघांनी ‘रोज’ हा शब्द वेगळ्या अर्थाने वापरलाय. ‘जोरदार’ आणि ‘रोज’ हे दोन्ही शब्द मोजायचे कसे, हे ठरल्याशिवाय संशोधन सुरूच होत नाही. आणि गंमत अशी की या दोन्ही शब्दांना स्वतःचा इतिहास आहे, त्यातला बराचसा पुण्याच्या आसपास घडलेला.

आधी ‘जोरदार’. घरगुती दिसणाऱ्या चार दारांच्या गाडीत शर्यतीच्या ताकदीचं इंजिन बसवायचं, ही कल्पना जुनी. १९५९ ची जॅग्वार मार्क टू ३.८ लिटर इंजिनावर २२० अश्वशक्ती देत होती. १९८५ साली बीएमडब्ल्यूने एम५ आणली, २८६ अश्वशक्तीची. पण आपल्यासाठी जास्त उपयोगाचं उदाहरण आहे मर्सिडीजच्या डब्ल्यू१२४ या सेडानचं. १९९१ पासून जर्मनीत याच गाडीची ५०० ई नावाची आवृत्ती निघाली. पाच लिटरचं व्ही८ इंजिन, सव्वातीनशेच्या आसपास अश्वशक्ती. चाकांवरचे पत्रे फुगवल्यामुळे ती मर्सिडीजच्या नेहमीच्या असेंब्ली लाईनवर मावेना, म्हणून कामाचा मोठा भाग पोर्शेच्या झुफेनहाउझेनच्या कारखान्याकडे गेला. साडेदहा हजारांच्या आसपास गाड्या बनल्या.

तीच डब्ल्यू१२४ १९९५ मध्ये पुण्यात आली. टेल्कोच्या पिंपरीच्या आवारात तिची जुळणी सुरू झाली. इंजिनं कोणती? ई२२० पेट्रोल आणि ई२५० डिझेल. सांगाडा साधारण तोच, समोरचा तारा तोच. तिकडे त्यात व्ही८ घातलं आणि इकडे डिझेल. भारतातल्या स्पोर्ट्स सेडानचा इतिहास लिहायचा तर सुरुवात इथून करावी असं माझं मत आहे, म्हणजे जी गाडी आलीच नाही तिच्यापासून. एखाद्या गोष्टीचा अभाव हासुद्धा पुरावा असतो, फक्त तो शोधायला जवळ तुलनेसाठी दुसरं काहीतरी असावं लागतं.

यानंतरचा धागा औरंगाबादजवळच्या शेंद्र्याला जातो (आजचं छत्रपती संभाजीनगर). स्कोडाने तिथे २००१ मध्ये कारखाना सुरू केला, आणि २००४ मध्ये ऑक्टाव्हिया आरएस भारतात विक्रीला आली. १.८ लिटर टर्बो पेट्रोल, १५० अश्वशक्ती. युरोपातली आरएस मात्र १८० ची होती. २०११ मध्ये लॉरा आरएस आली, १६० ची. युरोपात तेव्हा २०० होती. इथे सगळे गाडीप्रेमी एकच कारण सांगतात: “आपलं पेट्रोल खराब, म्हणून ताकद कमी केली.” ऐकायला पटतं. रसायनशास्त्रही बाजूने उभं राहतं, कारण टर्बो इंजिनात हवा आधीच दाबलेली असते आणि ऑक्टेन कमी असेल तर ठिणगीनंतर ज्योत पोचायच्या आधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं. त्यालाच नॉकिंग म्हणतात.

पण थांबा. तेच १५० अश्वशक्तीचं १.८ टर्बो इंजिन त्या काळात युरोपातल्याच साध्या ऑक्टाव्हियात मिळत होतं, जिथे पेट्रोल ‘चांगलं’ होतं. १६० चं १.८ टीएसआयही तसंच, युरोपातल्या आणि इथल्याही साध्या गाडीतलं. म्हणजे ताकद कमी केलेलं खास भारतीय इंजिन असं काही नव्हतंच. समूहाकडे तयार असलेलं एक इंजिन उचललं आणि त्यावर आरएसचं बिल्ला-बंपर चढवलं. दोन आकड्यांमधला फरक दिसला की आपण लगेच कारण जोडून टाकतो. नेटच्या पेपरात ‘सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे’ याला टिकमार्क करणारेही चहाच्या टपरीवर हेच करतात. असो.

युरोपाइतकीच ताकद मिळायला २०१७ उजाडलं. ऑक्टाव्हिया आरएस, दोन लिटर, २३० अश्वशक्ती. २०२० मध्ये आरएस २४५ आली, फक्त २०० गाड्या आणि त्याही पूर्ण तयार आयात केलेल्या. वर्षाला अडीच हजारांपर्यंत गाड्या इथल्या स्वतंत्र मान्यता-चाचण्यांशिवाय आणता येतील अशी सवलत सरकारने दिली होती, तिच्यातून. २०२५ च्या आरएसच्या तर शंभरच गाड्या होत्या, २६५ अश्वशक्तीच्या, किंमत पन्नास लाखांना टेकलेली. मधल्या काळात चाकणच्या मर्सिडीज कारखान्यात २०२१ पासून एएमजी ए३५ सेडान जुळवली जाऊ लागली, ३०६ अश्वशक्तीची. म्हणजे १९९५ ला पिंपरीत जे झालं नाही, ते सव्वीस वर्षांनी त्याच औद्योगिक पट्ट्यात झालं.

या सगळ्या गाड्यांच्या जाहिरातीत एक आकडा ठळक छापलेला असतो: शून्य ते शंभर किती सेकंदांत. आरएस २४५ साठी तो ६.६ आहे. तेवढ्या वेळात गाडी साधारण शंभर मीटर अंतर कापते. तांबट आळीत उभं राहून शंभर मीटर सरळ, रिकामा, वळण नसलेला रस्ता शोधा. सापडला तर कळवा.

आता ‘रोज’कडे वळू. इथे कसब्यातून फार लांब जायला नको. वेताळ टेकडीवर एआरएआय आहे, म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, स्थापना १९६६. गाडीचा धूर आणि मायलेज मोजायचं तर ती रोलरवर चालवावी लागते, आणि चालवायची तर कशी चालवायची हे आधी ठरवावं लागतं. १९८५ च्या सुमारास एआरएआयने प्रत्यक्ष रस्त्यांवर चाचण्या घेऊन इंडियन ड्रायव्हिंग सायकल तयार केलं. हा एक आलेख आहे: आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर वेग. लांबी १०८ सेकंद. थांबा, सुटा, वेग घ्या, ब्रेक मारा, पुन्हा थांबा. कमाल वेग ताशी ४२ किलोमीटर, सरासरी जेमतेम २२.

मला हा आलेख इतिहासाचं साधन म्हणून फार मोलाचा वाटतो. ‘त्या काळी लोक गाडी कशी चालवायचे’ याबद्दल आठवणी भरपूर मिळतील, पण त्या आठवणी घाटातल्या, लग्नाच्या वरातीतल्या, पहिल्यांदा महाबळेश्वरला गेलो त्यावेळच्या. सिग्नलला उभं राहिल्याची आठवण कुणी जपत नाही. हा आलेख नेमकं तेच जपतो. पुढे २००० च्या सुमारास युरोपचं सायकल आपल्याकडे आलं, तेव्हाही त्यातला १२० चा कमाल वेग कापून ९० वर आणला, आणि त्याला सुधारित भारतीय सायकल म्हटलं. एकूण ११८० सेकंदांपैकी ७८० सेकंद शहरी भागाचे, त्यात ५० च्या वर वेग जातच नाही.

बीएस्सीच्या पहिल्या वर्षाचं भौतिकशास्त्र लावून बघू. गाडी आणि चालक मिळून १५०० किलो धरा. ताशी ४२ ला टायरचा विरोध पावणेदोनशे न्यूटनच्या आसपास, हवेचा पन्नास-पंचावन्न. एका लयीत चालायला लागते तीन किलोवॉटहून कमी शक्ती. त्या वेगावर असतानाच दर सेकंदाला ०.६५ मीटर प्रतिसेकंद इतका वेग वाढवायचा असेल तर आणखी साडेअकरा किलोवॉट. गिअरबॉक्समधली गळती धरून एकूण वीस-बावीस अश्वशक्ती. बस्स. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सची पद्मिनी ही १०८९ सीसीची, चाळीसएक अश्वशक्तीची गाडी. ती हलकी असल्याने तिला तर तेराच्या आसपास पुरे. म्हणजे ‘रोज’ची ही व्याख्या घेतली तर पद्मिनीकडेही गरजेच्या तिप्पट ताकद आहे, आणि आरएस २४५ मधल्या दोनशेवीस अश्वशक्ती कसब्यात नुसत्या बसून असतात.

मग ती गाडी रोज वापरताना त्रास कशाचा होतो? ताकदीचा नाहीच. होतो तो उष्णतेचा, रबराचा आणि रुंदीचा. पायी चालण्याच्या वेगाने सरकताना दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये क्लच सतत अर्धवट घसरत असतो आणि तापतो. कोरड्या क्लचची उष्णता हवेत जाते, ओल्याची तेलात, आणि तेल ती बरीच चांगली वाहून नेतं. २०१७ आणि २०२० च्या आरएसमध्ये ओले क्लच होते. रोजच्या दृष्टीने ब्रोशरमधली ही ओळ शून्य-ते-शंभरपेक्षा कितीतरी महत्त्वाची, पण ती बारीक टायपात. आरएस २४५ चा टायर २२५/४० आर१८, म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामध्ये फक्त ९० मिलिमीटर रबर. साध्या ऑक्टाव्हियाचा २०५/५५ आर१६, तिथे ११३. हा तेवीस मिलिमीटरचा फरक खड्ड्यात कळतो. गतिरोधकाचंही प्रमाण ठरलेलं आहे: इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, ताशी २५ ने आरामात ओलांडता यावा असा. गल्लीत रातोरात घातलेल्या डांबराच्या उंचवट्यांनी हे मानक वाचलेलं नसतं, हा भाग वेगळा.

आणि रुंदी. पद्मिनी दीड मीटरच्याही किंचित आत होती. ऑक्टाव्हिया १.८१ मीटर आहे. तांबट आळी मात्र गाड्यांबरोबर वाढलेली नाही. हे पस्तीस सेंटिमीटर आले कुठून? भिंतीला अंग चोरून उभा राहिलेला माणूस साधारण तेवढीच जागा घेतो.

इथे प्रश्न बदलतो. आतापर्यंत आपण विचारत होतो, गाडी चालवणाऱ्याला ती रोज सोसवते का. इंजिनाचा जोर चालकाच्या पाठीला जाणवतो, मायलेज चालकाच्या खिशाला. शून्य-ते-शंभर असो की १०८ सेकंदांचा आलेख, दोन्ही मोजमापांत रस्त्यावर दुसरं कुणी नाही. रोलरवर समोरून म्हातारी येत नाही. व्याख्या ठरवताना कोण बाहेर राहिलं, हे प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणातच लिहून टाकावं, नाहीतर तोंडी परीक्षेत दुसरं कुणीतरी ते विचारतं.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका पोर्शे टायकनने दुचाकीला धडक दिली आणि दोन तरुण अभियंते, एक मुलगा आणि एक मुलगी, गेले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता असं पोलिसांचं म्हणणं. टायकन ही चार दारांची, विजेवर चालणारी स्पोर्ट्स सेडान. आपल्या विषयाच्या अगदी मधोमध बसणारी. टक्कर होताना गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते: आलेखातल्या ४२ ला जी असते, तिच्या चौपट ८४ ला. वीज-मोटर पाय ठेवताक्षणी पूर्ण जोर देते, त्यामुळे ४२ वरून ८४ वर जायला पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर फारसं काही लागत नाही. दिवसा गर्दी जो वेग अडवून धरते, तो पहाटे अडवायला कुणी नसतं. एआरएआयच्या आलेखात पहाटेचे अडीच कधीच वाजत नाहीत.

त्या प्रकरणाबद्दल खूप लिहिलं गेलं, निबंधाच्या शिक्षेपासून रक्ताच्या नमुन्यांपर्यंत. गाड्यांचा इतिहास अभ्यासणाऱ्याने त्यातला एक कागद वेगळा काढून ठेवावा. गाडी बंगळुरूच्या विक्रेत्याकडून तात्पुरत्या नोंदणीवर महाराष्ट्रात आली होती. कायमची नोंदणी झालेली नव्हती. वीजगाडी म्हणून रस्ता कर माफ, फक्त शुल्क भरायचं बाकी होतं. परिवहन खात्याने सांगितलेली ती रक्कम १,७५८ रुपये होती. आपण एखाद्या गाडीचा शोध घेतो तेव्हा पहिला कागद आरटीओच्या नोंदवहीतला असतो, त्यावरून मालक, गाव, वर्ष कळतं. या गाडीची त्या वहीत कायमची ओळच नव्हती.